हाकेवर वाद नाही

“बाहेर!”

खळग्यातून परचुरेसाहेबांचा आवाज आला आणि मी हातातली काठी जमिनीवर आपटली.

“साहेब, नीट बघा हो! झेंड्याच्या अंगावरच गेला होता.”

“अंगावर गेला आणि पुढे घरंगळला. वीतभर बाहेर. हाकेवर वाद नाही, टिपरे!”

तिसरा चेंडू मारला. इतका सुरेख उठला की मारतानाच हाताला कळलं. उतरत्या उन्हात क्षणभर दिसला आणि लाल फडक्याच्या मागे खळग्यात उतरला. मी श्वास धरून उभा.

“बाहेर!”

झालं. पुन्हा बरोबरी. साहेब तिन्ही चेंडू गोळा करून खळग्यातून वर आले, पँटची धूळ झटकली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, “नेम चुकतोय तुझा. मन थाऱ्यावर ठेवत जा. चल, उद्या बघू.”

उद्या! मला तो शब्द ऐकला की अंगाची लाही व्हायची. त्या उन्हाळ्यात मी किती ‘उद्या’ गिळले असतील ते माझं मला माहीत.

आधी हा खेळ काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा काहीतरी बरळतोय. कोळवणीचं धरण बांधून झालं होतं. बांधकाम चालू असताना कुणी एक गोरा सल्लागार इंजिनिअर येऊन राहिला होता, तो जाताना आपलं गोल्फचं सामान टाकून गेला. त्यातल्या बाकीच्या काठ्या कुणी कुणी लांबवल्या. एकीचा तर स्टोअरकीपरनं कुत्रं हाकायला उपयोग केला. उरली एक, लोखंडी पात्याची, पात्यावर सात आकडा. आमचा ट्रक ड्रायव्हर महिपती पत्ते कुटणारा माणूस, तो तिला सत्ती म्हणायला लागला आणि खेळाचं नावही सत्ती पडलं.

खरं गोल्फ खेळायला जागा कुठे होती? लांब फटका मारला तर चेंडू जलाशयात. जवळचा ढकलावा तर जमीन सगळी खडकाळ, चेंडू ससा पळाल्यासारखा कुठेही जायचा. मग साहेबांनी मधला पल्ला तेवढा ठेवला. एका मुरमाच्या ढिगावर उभं राहायचं आणि पलीकडच्या खळग्यात फक्कीनं आखलेल्या गोलात चेंडू टाकायचा. गोलात पडला तर ‘घरात’, नाही पडला तर ‘बाहेर’. साहेब म्हणायचे, “लांबचा फटका रेडाही मारेल आणि जवळचा तान्हं पोरही ढकलेल. माणूस कळतो तो मधल्या पल्ल्याला.”

ढिगावरून खळग्याचा तळ दिसायचा नाही. दिसायचं फक्त काठीला बांधलेलं लाल फडकं. म्हणून एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं गोलापाशी उभं राहून हाक द्यायची, असा नियम. तीन चेंडू झाले की हाक देणाऱ्यानं ते गोळा करून आणायचे, मारणाऱ्यानं काठी घेऊन यायचं, आणि मध्यावर अदलाबदल. जो दोन घरांनी पुढे जाईल तो जिंकला. आणि हाक देईल ती पूर्वदिशा. “मोजमाप घेणाऱ्यावर विश्वास नसेल तर धरण बांधू नये,” असं साहेबांचं म्हणणं.

आणि मोजमाप म्हणजे परचुरेसाहेब! इंचभर ओळंबा चुकला म्हणून त्यांनी एका बड्या ठेकेदाराची उभी भिंत पाडायला लावली होती. ठेकेदार मंत्र्यापर्यंत जाऊन आला, पण भिंत पडली ती पडलीच. त्या माणसानं ‘बाहेर’ म्हटल्यावर चेंडू बाहेरच असणार. त्यावर शंका घ्यायची म्हणजे सूर्य कुठे उगवतो ते विचारण्यासारखं.

आता माझं दुखणं सांगतो. माझी बदली झाली होती, बार्शीला. हुकूम हातात होता. पण सरकारी खात्यात हुकूम येऊन भागत नाही, आहे त्या जागेवरून साहेबानं सोडावं लागतं. सुटल्याचा कागद नसेल तर नवीन जागी कुणी हजर करून घेत नाही. आणि साहेब सोडत नव्हते.

“बदली माणूस आला की सोडतो,” हे एकच पालुपद.

बदली माणूस कुठून येणार? धरण संपलेलं, वसाहत रिकामी होत चाललेली. एकेक बिऱ्हाड ट्रकमध्ये भरून जात होतं. क्वार्टरच्या खिडक्यांची तावदानं लोक काढून नेत होते. किराणा दुकान बंद झालं, मग पिठाची गिरणी गेली. शेवटी उरलो ऑफिसात साहेब आणि मी, महिपती आणि गेटवरचे दोन वॉचमन. वर तक्रार करावी तर अर्ज ‘योग्य मार्गाने’ पाठवायचा, म्हणजे साहेबांच्याच सहीनं. रजा मागितली तर, “बदली माणूस येऊ द्या, मग रजाही घ्या आणि बदलीही घ्या.” पळून जावं तर पहिली कायम नोकरी, ती हातची जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

आणि बार्शीत माझी बायको कुमुद दिवसांत होती.

पहिल्या खेपेला आमचं पोर गेलं. तेव्हाही मी साइटवर होतो, तेव्हाही बदली माणूस आला नव्हता. बातमी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर कुमुद माझ्याशी बोलायची, हसायची, पण बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. मी शपथ घेतली होती की या वेळी काही झालं तरी मी तिच्याजवळ असेन. शपथ घ्यायला काय जातं हो?

शेवटी होळीच्या सुमारास मी साहेबांपुढे अक्षरशः हात जोडले. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “ठीक आहे टिपरे. आपला सत्तीचा डाव चालू आहे ना? तो संपला की सही करतो. कुणीही जिंको. शब्द.”

मला वाटलं, सुटलो! एक डाव, दोन दिवसांचं काम. पण तो डाव काही संपेना. मी एका घरानं पुढे गेलो की माझा नेम बिघडायचा. साहेब एका घरानं पुढे गेले की त्यांचा हात बिघडायचा. बरोबरी, एक पुढे, बरोबरी, एक मागे. होळी गेली, पाडवा गेला, उन्हं तापून खडक फुटायची वेळ आली. ऑफिसात साहेब मला “अहो टिपरे” म्हणायचे आणि मैदानात “अरे टिपरे”. ते ‘अरे’ ऐकून आधी आधी बरं वाटायचं. मग त्याचाही वीट आला.

त्या शनिवारी सकाळी ऑफिसातला फोन खणखणला. बार्शीहून कुमुद, तिच्या भावाच्या कापडदुकानातून बोलत होती.

“ऐकू येतंय का?”

“येतंय, बोल. तू कशाला गेलीस दुकानात एवढ्या उन्हात?”

“पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवस भरायची वाट बघायची नाही. सोमवारी दाखल व्हायला सांगितलंय.”

“येतो मी.”

“हे तुम्ही शिमग्यातही म्हणाला होतात.”

“अगं, साहेब सोडत नाहीत. बदली माणूस—”

“मागच्या वेळीही तोच होता.” मग बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं फोन कटला. “मला काही नको हो तुमच्याकडून. तुम्ही फक्त दारात दिसा. मागच्या वेळी शुद्धीवर आले तेव्हा मी दाराकडेच बघत होते. दारात कंपाउंडर उभा होता.”

मी काही बोलायच्या आत फोन खरंच कटला.

तसाच उठून साहेबांच्या खोलीत गेलो. “साहेब, बायकोला सोमवारी दाखल करायचंय. तब्येत बरी नाही तिची. मला आज सोडा.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. “तुम्ही डॉक्टर आहात का, टिपरे?”

“नाही.”

“मग तिथे जाऊन करणार काय?”

“दारात उभा राहणार.”

यावर ते काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण मग समोरचा नकाशा ओढून घेतला आणि म्हणाले, “संध्याकाळी या. डाव संपवा आणि जा. शब्द दिलाय मी.”

बाहेर आलो ते डोक्यात राख घालूनच. वाटलं, ती सत्ती घ्यावी आणि... जाऊ द्या. तेवढ्यात वरून हाक आली, “भावजी, जरा वर येता का?”

साहेबांचा बंगला चढावर होता आणि व्हरांड्यात परचुरेवहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाई अबोल. दिवाळीनंतर इथे राहायला आल्या होत्या, पण माझ्याशी त्यांचं बोलणं ‘चहा घेता का’ आणि ‘पन्हं घेता का’ एवढंच. आजही त्यांनी पन्ह्याचा पेला पुढे केला. मी उभ्यानंच एका घोटात संपवला.

“बसा. बायको कशी आहे?”

“बरी नाही. सोमवारी दाखल करताहेत. आणि मी इथे चेंडू मारतोय! माझंच नशीब फुटकं, वहिनी. दोन घरं पडता पडत नाहीत मला.”

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“पडतात की.”

“काय?”

“पडतात. घरातच पडतो तुमचा चेंडू. कालचे दोन घरात होते. परवाचा एक. त्याच्या आदल्या दिवशीचं मी बघितलं नाही, दूध उतू गेलं होतं.”

त्यांनी हनुवटीनं खाली दाखवलं. मी वळलो. व्हरांड्यातून तो खळगा तळहातासारखा उघडा दिसत होता. फक्कीचा गोल, मधली काठी, लाल फडकं, सगळं स्वच्छ.

“हे बुटानं सरकवतात,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही मारायचा अवकाश, हे दोन पावलं टाकून तिथे उभे राहतात आणि बुटाच्या टोकानं ढकलतात. मग ओरडतात.”

“साहेब? परचुरेसाहेब?”

“दुसरे कोण आहेत इथे?”

मला हसावं की रडावं कळेना. कुंपणच शेत खातंय! ज्या माणसानं इंचासाठी भिंत पाडली तो माणूस रोज संध्याकाळी माझा चेंडू लाथेनं लोटत होता. बायको बार्शीत पाय सुजवून बसलीय आणि हा... माझ्या तोंडून शिवी गेली. वहिनींसमोर गेली. त्यांनी ऐकली नाही असं दाखवलं.

“का पण? मी काय घोडं मारलंय त्यांचं?”

“काही नाही. तुम्ही आवडता त्यांना.”

“हे बरंय! आवडतो म्हणून कोंडून ठेवायचं?”

वहिनी जरा वेळ तांदळात बोटं फिरवत राहिल्या. मग बोलायला लागल्या ते सुपाकडे बघूनच.

“माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली. हे धरणावर. एक संपलं की दुसरं धरण. थोरला पाच महिन्यांचा झाला तेव्हा बघायला आले. पोर यांना बघून रडायला लागलं, तर मलाच म्हणाले, ‘परक्या माणसांची सवय लाव त्याला.’ मी पुण्यात पोरं वाढवली, यांनी इकडे पाणी अडवलं. आता दोन-तीन महिन्यांत रिटायर होतील. मी म्हटलं, चला, शेवटचं तरी बरोबर राहू. हट्टानं आले. पहिल्या संध्याकाळी इथेच बसलो दोघं. हे म्हणाले, ‘यंदा पाणी बरं साठलंय.’ मी म्हटलं, ‘हो.’ झालं, संपलं बोलणं. दिवे लागेपर्यंत दोघं समोर बघत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्या हातात काठी दिली.”

माझा राग कुठे गेला नाही, पण त्याला एकदम जागा सापडेना.

“तुम्ही गेलात की ऑफिसला कुलूप लागेल,” वहिनी म्हणाल्या. “मग फक्त संध्याकाळ उरते आणि मी. घाबरतात ते.”

“मग तुम्हीच बोला ना त्यांच्याशी! सांगा, हे खोटं खेळणं बंद करा म्हणून.”

“एवढ्या वर्षांनी बायको तोंड उघडते आणि पहिलं वाक्य हे?” त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. “नाही जमायचं मला. पण तुम्हाला सांगितल्याशिवायही राहवेना. तुमच्या बायकोला माझ्यासारखं करू नका, भावजी. जा तुम्ही. कसंही करून जा.”

कसंही करून म्हणजे कसं? दुपारभर मी रिकाम्या ऑफिसात बसून डोकं पिकवलं. रंगेहाथ पकडावं? पकडून काय करू, साहेबाला चोर म्हणू? मग सही तर गेलीच, वर वहिनींनी सांगितलं हे उघडं पडणार. न पकडावं तर उद्या, परवा, सोमवार. खिशात सुटकेचा कागद टाइप करून महिनाभर तयार होता, घामानं त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. महिपती डोकावून गेला. संध्याकाळी जुन्या पाइपांचा शेवटचा ट्रक तो कुर्डुवाडीला नेणार होता, तिथून बार्शी हाकेच्या अंतरावर.

“येताय का साहेब?” त्यानं विचारलं.

“थांब जरा,” म्हटलं. “डाव संपवून येतो.”

तो हसला. सगळ्या वसाहतीला, म्हणजे उरलेल्या चार माणसांना, तो डाव माहीत होता.

पाच वाजता मैदानात गेलो. बरोबरी होतीच. पहिला हात माझा. साहेब लांब ढांगा टाकत खळग्यात उतरले आणि दिसेनासे झाले. मी मुरमाच्या ढिगावर चढलो, चेंडू ठेवला आणि मारला. नेमका फडक्यावर.

“बाहेर!”

दुसरा मारला.

“बाहेर!”

तिसऱ्याला तर मी नीट नेमही धरला नाही. तरी तो गेला बापडा सरळ.

“बाहेर! अरे टिपरे, काय झालंय काय तुला आज?”

“काही नाही साहेब. या तुम्ही.”

मध्यावर भेटलो. त्यांनी तीन चेंडू माझ्या ओंजळीत टाकले, मी काठी दिली. त्यांच्या उजव्या बुटाच्या टोकाला फक्कीचा पांढरा डाग होता. त्यांनी माझी नजर बघितली की नाही, मला माहीत नाही. “पाणी ओसरलंय बघ पार,” असं काहीतरी म्हणाले. मग मला आठवलं की चेंडू त्यांना हवेत, म्हणून ते परत त्यांच्या हातात दिले.

मी खळग्यात जाऊन गोलाशेजारी उभा राहिलो. वर बंगल्याच्या व्हरांड्यात वहिनी उठून उभ्या होत्या.

साहेबांचा पहिला चेंडू आला. त्यांना बरोबरीच हवी होती, त्यामुळे मारलाच होता तसा. गोलाच्या पार पलीकडे बाभळीच्या काट्यांत जाऊन पडला.

मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, “घरात!”

साहेब ढिगाच्या कडेला आले. मग, “काय?”

“घरात, साहेब! झकास! एक घर!”

मी दोन पावलं कड चढून बघितलं. साहेब काठीवर रेलून इकडे बघत होते. खळगा त्यांना दिसत नव्हता, पण बाभूळ दिसत होती, आणि आपला चेंडू कुठे गेला ते न कळण्याएवढे ते आंधळे नव्हते. त्यांनी दुसरा चेंडू ठेवला. आणि मग चक्क वळले. झेंड्याकडे पाठ फिरवली आणि सारं बळ लावून जलाशयाच्या दिशेला हाणला. चेंडू उंच गेला, चमकला आणि डुबुक्कन पाण्यात पडला. आवाज मलाही आला, त्यांनाही आला. व्हरांड्यातही गेला असणार.

“घरात!” मी ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो. “घरात, साहेब! दोन घरं! जिंकलात तुम्ही! डाव संपला!”

साहेब ढिगावरून उतरले. हळूहळू चालत आले. एवढं अंतर चालायला त्यांना एवढा वेळ कधी लागला नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस मला फाडून खाणार. माझी नोकरी गेली, बार्शी गेली, सगळं गेलं. तरी मी जागचा हललो नाही.

ते गोलाशी येऊन थांबले. गोलात काठी होती, फडकं होतं, आणि काही नव्हतं.

“हा घरात आहे?” त्यांनी विचारलं.

“हो साहेब.”

“पाण्यात पडल्याचा आवाज ऐकला मी.”

“मी इथे गोलापाशी उभा होतो, साहेब. तुम्ही लांब होतात.” मी फडक्याच्या काठीवर हात ठेवला. “हाकेवर वाद नाही. नियम तुमचाच आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या बुटाकडे. मग मान वळवून वर व्हरांड्याकडे. वहिनी तशाच उभ्या होत्या, कठड्याला धरून. तिथून इथलं काय दिसतं हे एवढ्या महिन्यांत साहेबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. इंचाइंचानं जमीन मोजणारा माणूस, आणि त्या पहिल्या संध्याकाळनंतर आपल्याच घराच्या व्हरांड्यात बायकोशेजारी पुन्हा बसला नव्हता. त्यांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. मला त्यांची दया आली, खरं सांगतो. एवढा राग होता, तरी आली.

मग परचुरेसाहेब वाकले. गोलाच्या मधोमध हात घातला, तिथलं काहीच-नाही नीट मुठीत उचललं आणि पँटच्या खिशात ठेवलं.

“जिंकलो म्हणायचं,” ते म्हणाले. “कागद आणलायस?”

मी खिशातून तो मऊ झालेला कागद काढला.

“पाठ कर.”

मी वाकून पाठ केली. त्यांनी कागद माझ्या पाठीवर ठेवला. पेनचं टोक शर्टातून टोचत होतं. अर्धी सही झाली असेल आणि पेन थांबलं.

“टिपरे.”

“साहेब?”

“तू बायकोशी काय बोलतोस रे?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वळून बघावं तर पाठीवर कागद.

“म्हणजे... घरी गेल्यावर. पहिल्यांदा काय बोलायचं असतं?”

आयुष्यात मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नाही. तोंडी परीक्षेतही नाही. मुरमाकडे बघत मी म्हटलं, “काहीही चालतं, साहेब. आज जिंकलो म्हणून सांगा.”

“ती बघत होती ना सगळं?”

“मग तर सोपंच झालं. काही लपवायचं राहिलं नाही.”

पाठीवर पेन पुन्हा सरकलं. सही पुरी झाली. त्यांनी खाली तारीख घातली, कागद माझ्या हातात दिला आणि पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच. “पळ. दारात उभा राहा जाऊन.”

मी पळालोच. ट्रंकबिंक काही घेतलं नाही, धावत जाऊन महिपतीच्या शेजारी चढलो. रस्ता बंगल्याच्या खालून वळसा घेऊन जातो, तिथे मी मान बाहेर काढली. साहेब चढ चढून व्हरांड्यात पोचले होते. वहिनींसमोर शाळेतल्या पोरासारखे उभे होते. त्यांनी खिशातून मूठ बाहेर काढली, पुढे धरली आणि उघडली. वहिनी वाकून त्या रिकाम्या हातात बघायला लागल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, मध्ये इंजिनाचा आवाज. पण त्यांनी बाकावरचं तांदळाचं सूप उचलून खाली ठेवलं आणि साहेबांना बसायला जागा केली.

बार्शीला पोचलो तो सकाळ झाली होती. घरी कळलं, रात्रीच दवाखान्यात हलवलंय. तसाच धावलो. दवाखान्याच्या त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. कुमुद उशी उंच करून पडली होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिनं दाराकडे बघितलं. हसली नाही. डोळे भरून आले आणि चिडून म्हणाली, “आलात? आता इथून हललात तर बघा.”

“नाही हलत.”

शेजारी स्टुलावर बसलो. तिनं माझं मनगट धरलं ते असं की नखं रुतली. कळ आली की दाबायची, गेली की सैल करायची. रस्ताभर काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं पार धुऊन गेलं.

“बोला ना काहीतरी,” ती म्हणाली. “गप्प काय बसलात?”

मग मी सुरुवात केली. सत्ती, फक्कीचा गोल, वहिनींचं सूप, सगळं. ती मध्येच कळ सोसायची, ओठ चावायची, आणि कळ ओसरली की विचारायची, “मग? पुढे?” बुटानं सरकवलेल्या चेंडूंचं ऐकून तिनं साहेबांना एक सणसणीत शिवी घातली. पाण्यात पडलेल्या चेंडूपाशी आलो तर हसायला लागली, हसता हसता कळवळली. साहेबांनी गोलात हात घालून मूठ मिटली, इथपर्यंत मी आलो होतो, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी मला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं.

उरलेली गोष्ट मी दुपारी दोघींना सांगितली, कुमुदला आणि तिच्या कुशीतल्या लेकीला.